बोर्डे मॅडमचं शिफारसपत्र

बोर्डे मॅडमकडे शिफारसपत्र मागायला गेलं की त्या आधी बसायला सांगायच्या. टेबलावरचे मातीच्या नमुन्यांचे डबे एका बाजूला सारायच्या, समोर कोरा कागद ओढायच्या आणि विचारायच्या, "तुझं चांगलं काय ते मला ठाऊक हाय. खोट कोणती लिहू, ते सांग."

नवीन पोरं हसायची. जुनी हसायची नाहीत, कारण त्यांना माहीत असायचं की खोट खरंच लिहिली जाणार आहे. एकच, पुराव्यासकट.

ही सवय त्यांना वडिलांकडून आली होती. भोकरदन तालुक्यातलं हसनाबाद हे त्यांचं गाव. तिथं कुणाची सोयरीक जुळायची असली की पाहुणे आधी आबांकडे, म्हणजे मॅडमच्या वडिलांकडे, चौकशीला यायचे. आबा मुलाचं किंवा मुलीचं जे चांगलं असेल ते सांगायचे, आणि उठायच्या आधी एक खोट हमखास सांगायचे. मुलगा कष्टाळू हाय, पण जेवताना बोललेलं त्याला सोसत न्हाई. मुलगी गुणाची हाय, पण माहेरी महिन्यातून एकदा जाऊ दिलं न्हाई तर आजारी पडंल. मॅडम सांगायच्या, "आबांनी जुळवलेली एक सोयरीक मोडली न्हाई. नुसतं गोड सांगणाऱ्यावर समोरचा विश्वास ठेवत न्हाई. त्याला वाटतं, हा काहीतरी दाबून राह्यला."

आता सोयरीक आणि परदेशातल्या विद्यापीठात चार महिने शिकायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही त्यांना सांगून पाहिलं होतं. त्यांना ते पटत नव्हतं. "लेकरू परक्याच्या घरी पाठवायचं, अन् त्यांनी ते नीट सांभाळावं म्हणायचं. याला दुसरं काय म्हणतेत?"

आमचं कृषी महाविद्यालय वडीगोद्रीच्या पुढे, महामार्गाच्या कडेला. तिथं मॅडम मृदाशास्त्र शिकवायच्या. ठेंगण्या, सावळ्या, सुती साडी आणि त्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये खुरपं. हो, खुरपं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. कुठल्याही बांधावर त्या खाली बसायच्या, चिमूटभर माती दाढेखाली धरायच्या आणि वाळू किती, चिकण किती ते सांगायच्या. आम्ही पहिल्या वर्षाला होतो तेव्हा एकमेकींना कोपरानं ढोसायचो. दुसऱ्या वर्षाला आमच्याही दाढेखाली माती आली होती.

त्यांची गाडी म्हणजे एक जुनी स्कूटी. ती वीसच्या वर त्यांनी कधी नेली नाही. ट्रकवाले मागून भोंगे वाजवायचे. मॅडम हातानं खूण करायच्या की पुढं जा बाबा, मी कुणाच्या आड येत न्हाई.

आमच्या विद्यापीठाचे परदेशातल्या काही विद्यापीठांशी करार होते. दर वर्षी प्रत्येक ठिकाणी एक-दोन विद्यार्थी एका सत्रासाठी जायचे. शहरातल्या कॉलेजांना हे आधीपासून ठाऊक होतं. आमच्याकडे ते परिपत्रक यायचं, फलकावर लागायचं आणि उन्हानं पिवळं पडायचं. मॅडमनं ते काम स्वतःकडे ओढून घेतलं. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला त्या वर्गात म्हणाल्या, "पासपोर्ट काढा सगळे. जायचं का न्हाई ते मागून ठरवा."

मी वाटूरची. आमच्या घरातून तोवर कुणी हैदराबादच्या पुढे गेलं नव्हतं. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार दारात आला तेव्हा समोरच्या काकू घाईघाईनं येऊन आईला म्हणाल्या, "काय केलं वो तुमच्या वर्षीनं?" आईनं सांगितलं, पोरगी परदेशी चाललीय. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि कुठंच चालले नव्हते. पण आई एकदा बोलली म्हणजे गावात ते पक्कं झालं. पुढची दोन वर्षं मी सुट्टीला घरी गेले की लोक विचारायचे, "आलीस का परत?"

अर्ज भरण्याची मॅडमची एक पद्धत होती. फॉर्म त्या शेवटच्या पानापासून उलटा वाचायच्या. "पुढच्या पानावर झाडं अन् हसणारी पोरं असतेत. अटी मागं असतेत." आणि विद्यापीठ निवडायचं म्हटलं की त्या म्हणायच्या, घरच्या रानातली ओंजळभर माती घेऊन ये.

मी तिसऱ्या वर्षी माती घेऊन गेले. यादीत पाच नावं होती. माझं मन नेदरलँड्सवर बसलं होतं, कारण माहितीपत्रकात कालवा होता, सायकली होत्या आणि काचेच्या घरात टोमॅटोच्या लांबच लांब ओळी होत्या. मॅडमनं माती बोटांत चोळली. "रानात काय हाय?"

"मोसंबी. चारशे झाडं. दीडशे डिंक्यानं गेली."

डिंक्या हा मोसंबीचा रोग. बुंध्यातून डिंक गळायला लागतो आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. माझ्या वडिलांनी त्या झाडांना लेप लावले, मुळं उघडी केली, शेवटी एक एक करून तोडली. तोडताना ते एक शब्द बोलायचे नाहीत, आणि आम्हीही त्यांच्याजवळ जायचो नाही.

"मंग नेदरलँड्सला काय करशील?" मॅडम म्हणाल्या. "तुह्या बापाच्या रानात काच हाय का? हे बघ." त्यांनी यादीतल्या चौथ्या नावावर बोट ठेवलं. दक्षिण स्पेनमधलं एक विद्यापीठ. "ह्यांच्याकडं संत्र्यामोसंब्याची शेकडो वर्षांची रानं हायेत. पाणी आपल्यासारखंच कमी. डिंक्यावर काम करून राह्यलेत ते."

मला वाईट वाटलं. माहितीपत्रकात त्या विद्यापीठाचा फोटोसुद्धा धड नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले आणि मला कळलं की रात्रभर मी सायकलींचा विचार केलाच नव्हता. दीडशे झाडांचाच केला होता.

पुढची पायरी म्हणजे 'मला का जायचंय' हे लिहिणं. मॅडम ते आधी मराठीत लिहायला लावायच्या आणि शेषरावमामांना वाचून दाखवायला सांगायच्या. शेषरावमामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे आणि प्रक्षेत्राचे मदतनीस, पन्नाशी उलटलेले, तंबाखू मळता मळता ऐकणारे. मी मोठ्या ऐटीत वाचलं, "जागतिक दृष्टिकोन विकसित करण्यासाठी आणि सांस्कृतिक देवाणघेवाणीतून व्यक्तिमत्त्व घडवण्यासाठी..."

मामांनी हात वर केला. "बाई, तू तिकडून आणणार काय?"

मी कागद घेऊन परत गेले. सहा वेळा लिहिलं. सातव्यांदा मामा म्हणाले, "बराबर. आता कळलं. तुझ्या बापाची झाडं काहून मेली ते इचारायला चाललीस." मॅडमनं त्याच वाक्यानं अर्जाची सुरुवात करायला लावली.

आता त्या खोटेकडे येते. 

दुसऱ्या वर्षाला मला एक प्रयोग होता. मोसंबीच्या रोपांच्या दोन ओळी, एकीवर पाचटाचं आच्छादन, दुसरी उघडी. रोज सकाळी जमिनीत रोवलेल्या नळीवरचा ओलाव्याचा आकडा वहीत लिहायचा. दिवाळीतसुद्धा. मी वसतिगृहात राहीन असं कबूल केलं होतं. पण भाऊबीज आली, चुलतबहिणीचा साखरपुडा आला, आणि मी वाटूरला गेले ती बारा दिवसांनी परतले. येताना एसटीत बसून मी बारा दिवसांचे आकडे वहीत भरले. थोडे वर, थोडे खाली, मधे एक चुकल्यासारखा करून खाडाखोडही केली. मला त्या खाडाखोडीचा अभिमान वाटला होता.

त्याच बारा दिवसांत प्रक्षेत्राची मोटार जळाली होती. ती दुरुस्तीला जालन्याला गेली होती. शेषरावमामांनी बादल्यांनी जमेल तेवढी रोपं जगवली होती. माझ्या वहीत मात्र रोज सकाळी रान ओलंचिंब होतं.

मॅडमनं आधी त्या पानांवर तपासल्याची सही केली होती. मोटारीचं कळल्यावर त्यांनी मला ओळीत नेलं, खुरपं हातात दिलं आणि म्हणाल्या, "खोद." वीतभर खाली फुफाटा होता.

"वाटूरात बसून उंटावरून शेळ्या हाकल्यास," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "ही वही फाडू नको. ठेव. उद्यापासून नवी वही."

पूर्ण हंगाम मी पुन्हा केला. होळीला घरी गेले नाही, गुढीपाडव्याला गेले नाही. रोज सकाळी सहाला त्या ओळीत उभी असायचे आणि मनात मॅडमना नावं ठेवायचे. पण त्या प्रयोगातून जे काही शिकले ते दुसऱ्याच वहीतून शिकले, हे तेव्हाही कळत होतं.

म्हणून तिसऱ्या वर्षी शिफारसपत्र मागताना मी निर्धास्त होते. प्रकरण मिटलं होतं. मॅडमनं विचारलं, "खोट कोणती लिहू?"

मी म्हटलं, "लिहा की, झोप फार येते."

"ती खोट न्हाई. ते वय हाय," त्या म्हणाल्या, आणि आपल्या मनानं लिहायला लागल्या. पत्र इंग्रजीत असायचं आणि मॅडम ते थेट तिकडे पाठवायच्या. मी ते पाहिलं नाही.

मुलाखत कॉलेजच्या संगणक कक्षात झाली. पडद्यावर तिकडच्या दोघी जणी आणि आमच्या विद्यापीठातले एक सर. सुरुवात छान झाली. मी डिंक्याबद्दल बोलले, वडिलांबद्दल बोलले. पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापिका मान डोलवत होत्या. मग त्यांनी समोरचा कागद उचलला आणि विचारलं, "तुमच्या शिक्षिका लिहितात की दुसऱ्या वर्षी तुम्ही बारा दिवसांचे आकडे शेतात न जाता भरले. त्याबद्दल सांगाल?"

  हो म्हणायला काय लागलं असतं? हो म्हणून, मी तो हंगाम पुन्हा कसा केला ते सांगायला काय लागलं असतं? मी ते सगळं सांगू शकत होते. त्याऐवजी माझ्या तोंडून आलं, "मॅडमचा काहीतरी घोटाळा झाला असावा. ती मुलगी दुसरी. मी असं कधी केलं नाही."

प्राध्यापिकांनी काहीतरी लिहून घेतलं. धन्यवाद म्हणाल्या.

माझं नाव यादीत आलं नाही. शहरातल्या कॉलेजचा एक मुलगा गेला.

वसतिगृहात मी दोन दिवस रडले. मैत्रिणींनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, मॅडमनं पत्रात वहीचं प्रकरण लिहिलं. एवढंच सांगितलं. मी काय उत्तर दिलं ते कुणालाच सांगितलं नाही. घरीही नाही. "आपल्याच लेकराच्या पायावर धोंडा घातला त्या बाईनं," आई म्हणाली. मी ते खोडून काढलं नाही.

बातमी पसरली. त्या वर्षी एकही विद्यार्थी मॅडमकडे पत्र मागायला गेला नाही. सगळे विभागप्रमुख सरांकडे जायचे. त्यांच्याकडे तयार मजकूर असायचा, नावाची जागा तेवढी कोरी. थोड्याच दिवसांत प्राचार्यांनी परदेशी अर्जांचं काम मॅडमकडून काढून घेतलं. का ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही आपलं धरून चाललो की मुलांच्या कुरकुरीमुळं. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बरं झालं. किती जणांचं वाटोळं केलं असतं." मी तिथंच होते. ताटातली भाकरी मोडत होते. मोडत राहिले.

मॅडम तासाला येत होत्या, शिकवत होत्या. माझ्याकडे पाहताना त्यांची नजर बदलली नव्हती, आणि त्याचाच मला राग यायचा. दुपारच्या सुट्टीत पूर्वी त्यांच्या टेबलाभोवती पाच-सहा पोरं फॉर्म घेऊन उभी असायची. आता त्या एकट्या डबा खायच्या. एकदा मी दारावरून जाताना पाहिलं. समोरच्या दोन रिकाम्या खुर्च्या त्यांनी नीट टेबलाला लावून ठेवल्या होत्या.

वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतंसुद्धा धड बोलले नाही.

शेवटच्या वर्षी परिपत्रक पुन्हा लागलं. स्पेन पुन्हा यादीत होतं. मी विभागप्रमुख सरांकडे गेले. दोन मिनिटांत पत्र हातात आलं. त्यात लिहिलं होतं की मी उत्कृष्ट खेळाडू आहे, माझ्यात नेतृत्वगुण आहेत आणि माझा आवाज गोड आहे. मी शाळेत लंगडीसुद्धा खेळले नव्हते. ते पत्र मी जिन्यात उभी राहून तीनदा वाचलं. चांगलं पत्र होतं, पण माझं नव्हतं. ती कुणीतरी तिसरीच मुलगी होती. गेल्या वर्षी मुलाखतीत मीच म्हटलं होतं ना, ती मुलगी दुसरी?

मॅडम प्रयोगशाळेत एकट्याच होत्या. चाळणीतून माती चाळत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, पत्र पाहिजे होतं."

त्यांचे हात थांबले. "माझ्याकडून घेऊ नको, बाई. सरांकडून घे. मला दुसऱ्या तऱ्हेनं लिहिता येत न्हाई, अन् तुझं पुन्हा नुकसान झालेलं मला बघवायचं न्हाई."

मॅडम असं म्हणतील याची मला कल्पना नव्हती. मी रागावलेल्या मॅडमसाठी तयार होऊन आले होते. "सरांचं आहे माझ्याकडे," मी म्हटलं, "ते माझ्याबद्दल नाही."

त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. मी बसले. त्यांनी हात धुतले, लॅपटॉप उघडला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. या वेळी मी विनोद केला नाही. "भित्री आहे, असं लिहा. भीती वाटली की खोटं बोलते, आणि दुसऱ्याला त्यात अडकवते."

मॅडमनं लॅपटॉपवरून नजर वर केली. मला वाटलं, आता विचारतील, आणि मग मी सांगेन. मी तयार होते. पण त्यांनी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय माझ्याच्यानं पुढं बोलवलं नाही. "पुरावा?" त्या एवढंच म्हणाल्या.

"मागच्या वर्षीची मुलाखत."

"बरं," असं म्हणून त्या टाइप करायला लागल्या. दोन बोटांनी, एक एक अक्षर शोधत. पाऊण तास लागला.

मुलाखतीत त्याच पांढऱ्या केसांच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगितलं, मागच्या वर्षी मी तुमच्याशी खोटं बोलले, माझ्या शिक्षिका बरोबर होत्या.  माझं इंग्रजी तर त्या दिवशी पार वाटूरच्या फाट्यावरच उतरून गेलं. पण सांगितलं. पंधरा दिवसांनी निवड झाल्याची मेल आली. ती घेऊन मी मॅडमकडे धावत गेले तर त्या म्हणाल्या, "विषयांची जोडणी केलीस का? तिथले श्रेयांक इथं धरायचे असतेत. सही राहिली तर परत आल्यावर रडशील." मला त्या दिवशी पेढा हवा होता. विषयांच्या जोडणीचा तक्ता मिळाला.

स्पेनबद्दल इथं फार लिहीत नाही, हे लिखाण त्याबद्दल नाही. डिंक्याची झाडं तिथंही मरत होती आणि तिथले शेतकरीही तोडताना गप्प असायचे, एवढं सांगते. एप्रिलमधल्या एका दुपारी आम्ही बागेत मुळांचे नमुने घेत होतो. मी जमिनीवर बसून चिमूटभर माती तोंडात टाकली तशा त्या प्राध्यापिका हसल्या आणि म्हणाल्या, "हे तुला तुझ्या शिक्षिकेनं शिकवलं असणार. त्या बाईंना मला एकदा भेटायचं आहे. त्यांनी आम्हाला दिलेलं उत्तर मी अजून जपून ठेवलंय."

"कुठलं उत्तर?"

त्यांना वाटत होतं की मला माहीत आहे. झालं होतं असं, की पहिल्या मुलाखतीनंतर, मी ती मुलगी दुसरी म्हटल्यावर, त्यांनी दुसऱ्याच दिवशी मॅडमना मेल करून विचारलं होतं, तुमची काही चूक झाली आहे का? प्राध्यापिकांनी फोनवर मॅडमचं उत्तर शोधलं आणि झाडाखाली उभ्या राहून वाचून दाखवलं. इंग्रजी मॅडमचंच होतं, आखूड आखूड वाक्यांचं.

चूक झालेली नाही. मुलगी हीच आहे. ती घाबरली असेल. आकडे तिने खोटे लिहिले, पण त्या पानांवर तपासल्याची सही माझी आहे आणि ती मी शेतात न जाता केली. म्हणून हा दोष दोघींचा आहे. माझा भाग मी प्राचार्यांना लेखी कळवला आहे. या वर्षी तिला घेऊ नये, खोटं बोलून गेली तर तिथेही तेच करील. पण तिला कायमचं नाकारू नका. एक वर्ष थांबा. ती स्वतः सांगेल.

मी तिथंच मातीत बसून राहिले. म्हणजे मॅडमना पहिल्यापासून माहीत होतं की मी त्यांना खोटं ठरवलंय. काम काढून घेतलं ते आमच्या कुरकुरीमुळं नव्हतं, त्यांनी स्वतःच लिहून दिल्यामुळं होतं. ती खुर्च्या लावून ठेवलेली दुपार, मैत्रिणींचे टोमणे, आईचे शब्द, सगळं त्यांच्यापर्यंत पोचत असणार. एक वाक्य बोलल्या असत्या तर सगळं कॉलेज माझ्यावर उलटलं असतं. त्या वर्षभर बोलल्या नाहीत. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि कुणाबद्दल इतकी मायाही कधी वाटली नव्हती.

फोन करावासा वाटला. पण हे फोनवर बोलायचं नव्हतं.

जूनच्या अखेरीला मी परतले तेव्हा मॅडम निवृत्त होऊन हसनाबादला गेल्या होत्या. मी तिकडे गेले. घरात त्यांनी मला मुळांबद्दल, पाण्याबद्दल, कलमाच्या खुंटांबद्दल तासभर विचारलं आणि सगळं वहीत उतरवून घेतलं. "तुह्या बापाला आधी पाणी बुंध्यापासून लांब द्यायला सांग," त्या म्हणाल्या. "बुंधा कोरडा राह्यला पाहिजे." मी आणलेलं चॉकलेट त्यांनी शेजारच्या लेकरांना वाटून टाकलं. माझ्या तोंडातून मुख्य गोष्ट निघेना. निघायची वेळ झाली तशा त्या मला बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. ऊन होतं, आभाळही होतं. थांब्यावर जांभळं घेऊन बसलेली एक म्हातारी आणि आम्ही दोघी.

मी म्हटलं, "मॅडम, पहिल्या मुलाखतीत मी तुम्हाला खोटं पाडलं होतं."

"म्हाईत हाय. त्यांची मेल दुसऱ्याच दिवशी आल्ती."

"मग वर्षभर मला बोलल्या काहून न्हाई?"

"तू येशील म्हणून वाट पाहून राह्यले होते."

"आणि आलेच नसते तर?"

त्यांनी बस येणाऱ्या बाजूला रस्त्याकडे पाहिलं.  मग म्हणाल्या, "तर मंग मी त्यांना लिहिलेलं चुकीचं निघालं असतं. एक वर्ष थांबा, असं लिहिलं होतं मी."

मला रडू आवरलं नाही. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी दंडाला धरून वर ओढलं. "बस आली, बस आली. जल्दी चढ. जागा मिळणार न्हाई."

त्यानंतर मॅडम आपल्या मुलीकडे हैदराबादला राहायला गेल्या आणि आमची पुन्हा गाठ पडली नाही. त्या दिवशी बस हलली तेव्हा मी खिडकीतून वाकून पाहिलं. मॅडम पदरानं डोळे पुसत होत्या. मी पाहतेय हे लक्षात आलं तसं त्यांनी तोंड फिरवलं आणि त्या म्हातारीला उगाचच जांभळांचा भाव विचारायला लागल्या.